दोर हलका लागला

कामाकुरा, ४ सप्टेंबर १९५८

प्रिय मिसाओ,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवलंस, तरी तो तुझा हक्कच आहे. पण एवढं पत्र शेवटपर्यंत वाच. बाबांच्या अंत्यविधीला मी आले नाही आणि त्यानंतर तुझी जी पत्रं आली ती फोडलीही नाहीत. रागाने नव्हे, आत काय लिहिलेलं असेल याच्या भीतीने. कपड्यांच्या पेटीत तळाशी ती तशीच चिकटवलेली पडून होती.

मी ज्यांची लेखनिक होते ते लेखक कुझे सेन्सेई गेले, हे तिकडे रेडिओवर कळलंच असेल. चाळीस कादंबऱ्या लिहिलेला माणूस, शेवटची सहा वर्षं डोळ्यांनी पूर्ण अधू. ते सांगत, मी उतरवून घेत असे. सकाळी आठ ते अकरा, मध्ये एकदा बार्लीचा गार चहा, आणि त्यांचा तो चढउतार नसलेला आवाज. लोक म्हणत, सेन्सेईंच्या कादंबरीत जी बाई मरते ती वर्षाच्या आत खरीच जाते. त्यांची बायको शिनोबाई तशीच गेली. कादंबरीतल्या बाईला क्षय झाला वसंतात, शिनोबाईंना पावसाळ्यात. स्वयंपाकीण ओकुमा मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोरी, कामाला राहा, पण घरच्या माणसांचं काही बोलू नकोस त्यांच्यापाशी. नाव तर मुळीच काढू नकोस." मी हसले होते. पण मला बहीण आहे हे मी त्यांना सहा वर्षांत कधी कळू दिलं नाही.

यंदा मासिकात चाललेल्या कादंबरीत जूनमध्ये एक नवी बाई आली. तुझ्यासारखीच उत्तरेच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी. तशा बायका शेकड्यांनी आहेत, म्हणून मी लिहीत राहिले. मग एके सकाळी ते म्हणाले, "डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. लहानपणी मोठ्या बहिणीच्या हातून किटली कलंडली." माझं लिहिणं थांबलं. त्यांनी मान वळवली. "काय झालं?" मी म्हटलं, शाई संपली. "शाई आहे," ते म्हणाले. "लिही."

त्यानंतर ती बाई रोज येत गेली. तिच्या नवऱ्याने नवी नाव घेतली, टोकाला तांबडा रंग दिला. तिला मुलगी झाली, ती एका कानाने बहिरी निघाली. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून जरा धीर आला. ही दुसरीच कुणी असेल, असं मी मनाला समजावलं.

सत्तावीस ऑगस्टला त्यांनी सांगितलं ते असं : सप्टेंबरची अकरा तारीख. वारा पडलेला. तिने कमरेला दोर बांधला, आज जास्त वेळ खाली राहीन म्हणाली. नवरा नावेत दोर धरून बसला. नेहमीचा वेळ होऊन गेला तेव्हा त्याने ओढायला सुरुवात केली. दोर हलका लागला. इथे ते थांबले. मी सहा वर्षांत पहिल्यांदा काही विचारलं, "ती वर येते ना?" त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "मी काही करत नाही, फुसाए. दिसतं ते सांगतो. उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसल्या जागी गेले.

सगळे विधी उरकल्यावर मी पेटी उघडली आणि तुझी पत्रं फोडली. तिसऱ्या पत्रात तुझ्या नवऱ्याची, योसाकुंची नवी नाव होती आणि तिचा तांबडा रंगही. पाचव्यात तुझी छोटी सायो, डाव्या कानाने ऐकू न येणारी. ओकुमाने पत्रं माझ्याकडून काढून घेतली. तिने ती वाचली आणि उठून सेन्सेईंच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

काल मासिकाचे संपादक त्सुकुदा आले होते. "शेवटची दोन-तीन पानं राहिलीत. सेन्सेई सांगून गेले असतील ना?" मी हो म्हणाले. इतकं मोठं खोटं मी आजवर कधी बोलले नव्हते. सत्तावीस तारखेचं पान चुलीत घातलं आणि आज सकाळी आठ वाजता त्यांच्याच खोलीत बसून नवं लिहिलं. त्यात ती अकरा तारखेला पाण्यात उतरलीच नाही, कारण आदल्या संध्याकाळच्या गाडीने तिची मोठी बहीण आली आणि दुसऱ्या दिवशी दोघी अंधार पडेपर्यंत घरात बसून भांडत राहिल्या. पानं छापखान्यात गेली. आता ती खरी करायला मला यायलाच हवं. बुधवारी, दहा तारखेला, संध्याकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर कुणी आलं नाही तरी चालेल. मला हवं ते बोल, सात वर्षांचं सगळं बोल. पण गुरुवारी बोल, घरात, माझ्यासमोर बसून.

तुझीच ताई,
फुसाए