नारिंगी बाई

३ तारीख, सोमवार
ठराव लिहून ठेवते. धुळीवाल्या मॅडमच्या खोलीतल्या सोफ्यावर दुपारी आडवं व्हायचं नाही. वेधशाळेतला आमचा सफाईचा मुकादम रिटायर झाला, आता जागा माझीच. दुसरं आहेच कोण? लांबडी? तिच्या हातात झाडू असला की झाडू कोणता नि बाई कोणती, कळत नाही. जावेला सांगून टाकलं, मी मुकादम झाले म्हणून. आज ना उद्या व्हायचंच आहे.

५ तारीख
मॅडम दोन ताऱ्यांच्या मधल्या धुळीचा अभ्यास करतात. एवढं शिकून, धूळ! माझ्या पलंगाखाली या म्हणावं. विचारलं, ती दिसते तरी कशी? तर म्हणे, डोळ्यांना नाहीच दिसत. बर्फाहून गार असते, पण ताऱ्यांचा उजेड खाऊन जराशी ऊब सोडते. ती ऊब इन्फ्रारेड यंत्राला दिसते. दुसऱ्याचा उजेड खायचा नि आपण नुसतं धुमसायचं. आमची जाऊच की ही!
दुपारी डोळा लागला. पण बसून. बसून लागला तर ती झोप नव्हे.

८ तारीख
सोफ्याच्या स्प्रिंगा तपासल्या. आडवं पडल्याशिवाय कळत नाहीत. तासभर तपासल्या. ठीक आहेत.

११ तारीख
उद्या पाहुणे येणार. ते गेले की मोठे साहेब मुकादम ठरवणार. उद्या पापणीसुद्धा मिटायची नाही.

१२ तारीख, संध्याकाळी
मॅडमच्या खोलीत पडदे ओढलेले, अंधार, गारवा. अशात जागं राहायला मी काय घुबड आहे? बाहेर बूट वाजले तशी टुणकन उठले, फडकं हातात घेतलं. साहेबांनी विचारलं, काय बाई, दमलात? म्हटलं, सकाळपासून पाठ टेकली असेल तर शपथ.
मॅडमनी पाहुण्यांना गंमत दाखवायला ऊब बघणारा छोटा कॅमेरा खोलीभर फिरवला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं निळंनिळं. मग सोफा आला, नि त्यावर एक नारिंगी बाई! डोकं, कोपर, बूड, सोफ्याच्या हातावर टाकलेल्या टाचा. मी इथं फडकं घेऊन उभी, नि माझी ऊब तिथं पसरलेली.
साहेब म्हणतात, मॅडम, ही धूळ कुठल्या ताऱ्याची हो? पाहुणे खिदळले. शिकलेली माणसं, पण वळण म्हणून नाही.

१४ तारीख
लांबडी मुकादम झाली. बरंच झालं. कोणाला हवीये ती कटकट?

२० तारीख
मॅडमनी ते चित्र मोठं करून, काच लावून व्हरांड्यात टांगलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावरूनच शिकवतात. काचेवर धूळ दिसता कामा नये, असा लांबडीचा हुकूम. पुसायचं कोणी? मी.
जावेला म्हटलं, ऑफिसात माझा फोटो लागलाय. खोटं काय त्यात? तर म्हणते, अगं बाई, मग उद्या बघायलाच येते.
येऊ दे. चित्रात तोंड ओळखू येत नाही.
पण टाचा? घरी मी रोज तशीच पडते, नि जाऊ रोज बघते.