चाळीस सेकंदांचा व्हिडिओ

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताहेराआपा,

सलाम आणि जयभीम.

सदफची पट्टी काल बदलली असेल. बोटं थोडी वाकतात का? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम दुखला तरी करायला लावा.

मी बरी आहे. गावोगावच्या शाळांत फिरणारी आमची विज्ञानाची गाडी सध्या उभीच आहे, टॅब कपाटात बंद. दर बुधवारी बिडकीनच्या पुढं तुमच्या शाळेत यायची सवय मात्र मोडत नाही. गेल्या बुधवारीही मी सकाळी सातला डबा भरून तयार होते.

टॅबवर मराठी लिहायला शिकवलं, त्या दिवशी सगळ्या मुलींनी आपापली नावं लिहिली. सदफनं तुमचं लिहिलं. मग विचारलं, "मॅडम, हे अम्मीच्या फोनवर पाठवता येतं का?" मिळालं होतं ना तुम्हाला?

आपा, मी भलतंच लिहीत बसले आहे.

पाच तारखेला काय झालं, ते तुम्हाला मुख्याध्यापकांनी सांगितलं. मुलीनं सूचना मोडली, पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतलं. अहवालातलं ते वाक्य माझं आहे. दवाखान्यात तुम्ही मला म्हणालात, "माझी पोरगी सांगितल्याबाहेर जात नाय, मॅडम. कसं झालं असंल?" मी म्हटलं, "मुलं आहेत, आपा. होतं कधी कधी." त्यावर तुम्ही मलाच पाणी आणून दिलंत.

झालं ते असं. पाहुणे येणार होते, त्यांना दाखवायला प्रयोगाचा व्हिडिओ हवा होता. बाकीची मुलं गाडीपाशी टॅबवर होती. व्हरांड्यात टेबलापाशी फक्त सदफ आणि मी. टेबलावर ऊन होतं. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, दिवा गार झाल्याशिवाय भरायचा नाही, हे मीच शिकवते. सदफनं विचारलं, "मॅडम, गार होऊ द्यायचा ना?"

मी फोन धरून उभी होते. म्हटलं, "विझलाय गं. भर लवकर."

तिनं भरलं.

चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात तिचा प्रश्न आहे, माझं उत्तर आहे, आणि मग तिची किंकाळी. आमचे वरिष्ठ, अभय सर, म्हणाले, "डिलीट कर. गाडी बंद पडली तर बारा गावांच्या मुलांचं नुकसान." मला पटलं. खरं सांगू? मी पटवून घेतलं. बारा गावांच्या आड माझी नोकरी लपत होती. पण व्हिडिओ पुसायला हात धजला नाही.

शनिवारी मी सदफला बघायला आले. तुम्ही चहा ठेवायला आत गेलात, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नाय, मॅडम. तुम्हाला काढून टाकलं असतं ना." तेरा वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती! आणि बाहेर ओट्यावर तिचे अब्बा, करीमभाई, कुणाला तरी सांगत होते, "बस झाली शाळा. हात जाळून घेतला, आता घरात बसू दे."

चहा तसाच ठेवून मी निघाले.

आज सकाळी मी मुख्याध्यापकांपुढं तो व्हिडिओ लावला. जुना अहवाल मागं घेतला, नवा लिहून सही केली. सर म्हणाले, "मुलीचं नाव काढतो. तुमचं घालावं लागंल."

"घाला," म्हटलं.

दुपारी आमच्या कार्यालयातून फोन आला. उद्यापासून मी कामावर नाही. गाडीचं काय होणार, ते अजून ठरलेलं नाही.

व्हिडिओ तुमच्या फोनवर पाठवला नाही. तुम्ही घरात एकट्या असताना तो लागू नये. मुख्याध्यापकांकडं आहे, करीमभाईंना सोबत घेऊन बघा. पोलिसांत जायचं असेल तर जा, मी काही नाकारणार नाही. पण करीमभाईंना एवढं सांगा की पोरीनं बरोबर विचारलं होतं. चुकलं ते शिकवणारीचं. त्याची शिक्षा तिच्या शाळेला नको.

सदफची माफी मला तिच्यासमोर बसून मागायची आहे. तुम्ही बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत, तर तुमच्या दारात पाय ठेवणार नाही.

उत्तर मागायचा हक्क नसलेली, तरी वाट पाहणारी,
करुणा