मौनाचा तास सर्व घरांतून काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
संशोधन नीती समिती,
संगणकशास्त्र विभाग (पदव्युत्तर).

विषय : 'कान' या यंत्रातील 'व्रत' हे लेबल रद्द करणे व सोमवारची जोडणी थांबवणे.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जाला आलेले विभागाचे उत्तर.

महोदय,

मी पदव्युत्तर वर्गाच्या दुसऱ्या सत्राची विद्यार्थिनी. संसार सांभाळून उशिरा शिकायला आले. 'संशोधन पद्धती' या विषयासाठी आमच्या वर्गाने एक यंत्र तयार केले आहे. भिंतीवर लावायची छोटी डबी, तिला सगळे 'कान' म्हणतात. घरातली पावले, भांडी, नळ यांचे आवाज ती ओळखते. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात काही आपटले, किंवा नको तेवढी शांतता झाली, की ती नातेवाइकांना फोन लावते. चाचणीला सात घरे घेतली. तिसरे घर माझे. सहावे आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरीणबाईंचे. त्यांची संमतीची सही आणायला मीच गेले होते. त्या म्हणाल्या, "लाव बाई. जन्मभर पोरांनी माझं ऐकलं नाही, आता भिंत तरी ऐकेल."

१. माझे काही नेम आहेत. सकाळी सहा ते सात मी मौन धरून एका जागी बसते, दिवसातून एकदाच जेवते, आणि निजण्यापूर्वी आज कोणाशी खोटे वागले का ते देवाला सांगते. पैकी पहिल्या नेमाचा यंत्राला त्रास झाला. तिसऱ्या नेमामुळे हा अर्ज लिहीत आहे.

२. माझ्या मौनामुळे 'कान' रोज सकाळी घाबरू लागला. तो माझ्या यजमानांना कारखान्यात फोन लावी, ते घाबरून घरी फोन करीत, आणि झोपमोड झालेल्या सासूबाई भिंतीकडे बघून ओरडत, "अरे मेल्या, जिवंत आहे ती! देवाशी बोलतेय, तुझ्याशी नाही!" वर्गात यावर खूप हसू झाले. आमचे सर स्वभावाने चांगले आहेत. ते म्हणाले, "तुमच्या देवासाठी एक अपवाद करू." त्यांच्या सांगण्यावरून मी 'व्रत' नावाचे लेबल तयार केले : सहा ते सात शांतता असल्यास ती ठीक समजावी. हे मी फक्त तिसऱ्या घरासाठी केले होते.

३. पुढे या चाचणीवरच्या संशोधन-पेपरचा मसुदा हातात आला तेव्हा पाहते तो काय, 'व्रत' सातही घरांना लागू झाले होते. त्या तासात बहुतेक घरे शांतच असतात, त्यामुळे खोटे अलार्म एकदम कमी झाले होते, आणि पेपरचे सगळे कौतुक त्याच आकड्याचे होते. मी सरांना विचारले, बाकीच्या घरांत तर कोणी व्रत करत नाही. ते म्हणाले, "तुमच्या घरात चाललं ना? मग?" एका नमुन्यावरून सगळ्यांविषयी निष्कर्ष काढू नये, हे त्यांनीच त्या आठवड्यात फळ्यावर लिहिले होते. परीक्षेला येईल म्हणून मी ते उतरवून घेतले होते. तरी मी गप्प बसले. शांतताच तर माफ केली आहे, आपटण्याचा आवाज नाही, असे मनाला समजावले.

४. त्यानंतर एका सकाळी मी मौनात बसले असताना वर काहीतरी पडले. मग नळ वाहत राहिल्याचा आवाज आला. तो थांबेना. माझ्या मनात आले, वर 'कान' आहे, तो फोन लावेल. मी तास पूर्ण केला. उठले तेव्हा छतातून माझ्या आसनावर पाणी ठिबकत होते. 'कान'ने कोणालाही फोन लावला नव्हता. मास्तरीणबाई न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या. त्या इस्पितळात आहेत. डोळे उघडे असतात. बोलत नाहीत.

५. यावर मी विभागाला अर्ज केला. उत्तर आले की, घटना 'व्रत' या कालावधीत घडल्याने ती पडल्याची नोंद धरता येत नाही, सबब यंत्राची अचूकता अबाधित आहे. पुढील पत्रव्यवहारात 'पडल्या' न लिहिता 'निश्चल अवस्था' लिहावे, असेही कळवले आहे. शिवाय सहभागी व्यक्तींचे अभिप्राय हल्ली एक प्रोग्राम वाचतो. माझ्या अर्जात 'कृपया', 'आदरपूर्वक' आणि 'नम्र' हे शब्द वारंवार आल्याने त्याने माझी नोंद 'समाधानी' अशी केली आहे. म्हणून या अर्जात ते शब्द मी माझ्याकडून लिहिलेले नाहीत. उद्धटपणा समजू नये, माझा तसा स्वभाव नाही.

६. सोमवारपासून ज्येष्ठांच्या मदत कार्यालयामार्फत 'कान' शहरातल्या एकट्या राहणाऱ्या सर्व वृद्धांच्या घरी बसणार आहे. त्या घरांची दारे सकाळी वाजवून विचारपूस करणाऱ्या सेविकांना रविवारी शेवटची फेरी करायला सांगितले आहे. आमच्या भागातली सेविका मला जिन्यात भेटली. म्हणाली, "ताई, म्हातारी माणसं पडतात ती उठताना. म्हणून आम्ही सहालाच निघतो. आता तुमचं मशीन बघेल म्हणे." मी तिच्याकडची घरांची यादी उतरवून घेतली.

७. तरी माझी मागणी अशी. 'व्रत' हे लेबल सर्व घरांतून काढावे. ते निघेपर्यंत सोमवारची जोडणी थांबवावी आणि सेविकांची फेरी चालू ठेवावी. सहाव्या घरातील बाई पडल्या, हे पेपरमध्ये याच शब्दांत यावे. तिसऱ्या घराची संमती मी मागे घेत आहे, मग माझे सत्र वाया गेले तरी चालेल.

८. विभागाचे म्हणणे चुकीचे असेल तर ते मला स्वतः तपासून पाहता यायला हवे, पद्धत म्हणून आम्हाला तेच शिकवले आहे. आज सकाळी मी मौन मोडले. लग्नाआधीपासून ते कधी मोडले नव्हते. सहा वाजल्यानंतर 'कान'च्या खाली उभी राहिले आणि पाट जमिनीवर आपटला. मग हाका मारल्या. आधी हळू, मग अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. सासूबाई चष्मा न लावताच धावत आल्या आणि मला धरून विचारू लागल्या, "काय झालं गं? कुठं लागलं?" समोरच्या घरातली माणसे दारात जमली. यंत्राने त्या तासाची जी नोंद केली, ती सोबत जोडली आहे.

उत्तराची रविवारपर्यंत वाट पाहीन. सोमवारी सहा वाजता मी घरी नसेन, सेविकेच्या यादीतली दारे वाजवत असेन. सगळी माझ्याने होणार नाहीत.

आपली,
(सही)
तिसऱ्या घरातली विद्यार्थिनी

दिनांक : शुक्रवार, महिनाअखेर

सोबत :
१) विभागाच्या उत्तराची प्रत.
२) संमती मागे घेतल्याचे पत्र.
३) आज सकाळी सहा ते सात या वेळेतील 'कान'ची संपूर्ण नोंद : "घर तीन. व्रत. सर्व ठीक."