मेल्या म्हणजे नमस्कार

विक्रोळी, १९८६

मालनमावशी,

मला मालवणला परत ने, असं तुला लिहायलाच बसले होते. वर्गात सगळ्या माझ्या मालवणीला हसतात ना! तेवढ्यात परग्रहवाल्यांनी विक्रोळी जिंकली. त्यांतला पहिला थेट आमच्या खोलीत घुसला. मी ओरडले, "मेल्या, पाय पूस!"

बिचाऱ्याने नऊही पाय पुसले. त्याला वाटलं, 'मेल्या' म्हणजे नमस्कार. आता त्यांची अख्खी फौज मालवणीच बोलते, म्हणून चाळभर माझी शिकवणी चालू आहे. सगळ्यात जास्त हसणारी सुलक्षणा आज खालून ओरडली, "मेले, खेळूक येतंस गो?"

हे पत्र काही टाकत नाही. परतीसाठी भरलेली पेटी रिकामी केली. तिच्यात आता तो मेला झोपतो.

तुझीच मेली,
जानकी