तुझ्या यादीसाठी निमोण्यातले चोवीस निरोगी गडी

तुझं पत्र आलं ते तुझ्या कंपाउंडरच्या हातचं. पत्र हाय का औषधाची चिठ्ठी, ते कळायला मला दोनदा चष्मा पुसावा लागला. आजीला पत्र लिहायला पगारी माणूस ठेवलास, लई मोठा झालास. असो. चिरंजीव मच्छिंद्र यास निमोण्याहून झुंबरआजीचा आशीर्वाद. मी बरी हाय, म्हस बरी हाय, तुझं काय ते कळव.

तू लिहिलंस की पुण्यात कामगार विम्याचे पैसे डॉक्टरला माणशी मिळत्यात. यादीत जेवढी नावं तेवढे पैसे, मग माणूस वर्षभर खोकू दे न्हाईतर दवाखान्याचं तोंड न बघू दे. (आपला शेखलाल हकीम माणूस बरा झाला तर पायलीभर ज्वारी न्यायचा, न्हाई झाला तर महिनाभर आपल्या आळीला फिरकायचा न्हाई. ती रीत मला समजते.) तुझी यादी तोकडी, दोन दिवस दवाखाना बंद ठेवला तर नावं दुसऱ्या डॉक्टरकडं जातील, म्हणून दिवाळीला येत न्हाईस. मग मीच कंबर बांधली.

आजारी माणूस घेऊन काय करायचं, तो औषध पिणार. म्हणून निरोगीच निवडले. तालमीत जाऊन अकबर पैलवानासकट चोवीस गड्यांचे अंगठे घेतले. प्रत्येकाला ज्वारीचं पोतं उचलायला लावलं, धाप लागली की नाव खोडलं. शेजारची दगडाबाई माझंबी लिही म्हणत आली. तिला दमा. नको म्हटलं, तवापासून तिनं ताक बंद केलंय. (तसंही पाणचटच असतं.)

मग कागद घेऊन एस्टीनं दौंडला तुझ्या आत्याकडं गेले. म्हटलं रेल्वे कॉलनीतले फायरमनबी घ्यावेत, इंजिनात कोळसा मारून अंगानं दणकट असत्यात. जावई बाळासो कागद वाचून खाली मान घालून हसले. म्हणाले, “मामी, ही योजना कारखान्यातल्या कामगारांची. आम्हाला रेल्वेचा डॉक्टर हाय, आन् पैलवानांना कुणीच न्हाई.”

हे तुला आधी लिहायला काय झालं होतं? आता चोवीस गडी मला रोज विचारत्यात, आमचा डॉक्टर कवा येणार. मी सांगून बसलेय, दिवाळीला.

तुझी आजी,
झुंबरबाई

ता. क. त्या चोवीस जणांचं राहू दे, माझं एकटीचं नाव यादीत घाल. मी कारखान्यात न्हाई, ते मला कळतं. पण यादीतलं माणूस दारात आलं तर डॉक्टरला त्याला बघावंच लागतं, असं तूच लिहिलंस. ताप न्हाई, खोकला न्हाई. नुसतं बघायचं.

आणखी एक. दम्याचं औषध पाठव. ताकाशिवाय घास उतरत न्हाई, आन् दगडाबाईला आताशा चार पावलं चालवत न्हाई.

उत्तर तू लिहायचं. कंपाउंडरनं न्हाई.