करपलेली कढई आणि मोकळी माणसं

२ मार्च
अखेर माणसांत आलो. सहा जणांचं घर, दारातच पाटी: देव, धर्म, जात चपलांसोबत बाहेर काढा. महिनाभर ट्रायल, मग सगळ्यांचा होकार आला की खोली कायमची. नाही आला तर थोरल्या ताईशिवाय दुसरीकडे सोय नाही. पण येणारच. इथे भांडायला कारणच उरलेलं नाही. संकल्प: यावर पुस्तक लिहायचं.

५ मार्च
पुस्तकाचं नाव शोधत होतो, लक्ष सिंककडे गेलं. करपलेली कढई, तिच्यात कालचं पाणी, तेलाचा तवंग, मधोमध कुणाचा तरी केस. शिसारी आली. घर चालवणारे मास्तर म्हणाले, भिजलं की सुटतं. नर्सबाई म्हणाल्या, भिजत नाही मास्तर, सडतं. जेवलं की लगेच घासा. ड्रायव्हरने मला विचारलं, तू कुणातला? म्हटलं, माणसांतला. छान बोललो.

९ मार्च
भिजवणारे आणि घासणारे वेगळ्या टेबलांवर जेवतात. ड्रायव्हर आणि नर्सबाईंचं जुळत आलं होतं, मोडलं. तो भिजवणारा. बाई म्हणाल्या, उद्या मुलं झाली तर ती काय करतील? मास्तरांनी घासणी लपवली. किळस येते या लोकांची. मी तटस्थ.

१४ मार्च
पुस्तक अडलंय, घरात शांतता नाही. पण आंघोळ करताना उपाय सुचला. आधी कागदाने पुसा, मग घासा. सभा घेतली, वहीचे कागद फाडून सगळ्यांना वाटले. जो पुसत नाही तो जनावर, असंही म्हणालो. प्रेमानेच.

१५ मार्च
आज सगळे एका टेबलावर. मास्तर नर्सबाईंना वाढत होते. एकी झाली, माझ्यामुळे. माझं मतदान उद्याच घेणार म्हणे. एवढी घाई म्हणजे नक्की खोली.

१६ मार्च
मास्तरांनी प्रश्नच उलटा विचारला: हा कुणाला नको? सगळे हात वर. ड्रायव्हरचे दोन्ही. बॅग मात्र त्यानेच खाली आणून दिली.

१८ मार्च, दुपार
थोरल्या ताईकडे. हवं तितकं राहा म्हणाली. गुणाची आहे. पोटभर वाढलं. मग कढईत पाणी ओतून ठेवलं.
मी एकच वाक्य बोललो.

१८ मार्च, संध्याकाळ
स्टेशनचा बाक. शेजारच्या माणसाने डबा खाल्ला आणि खरकटाच बंद केला. मी एक शब्द बोललो नाही. वहीतला कागद फाडून नुसता पुढे केला.
तो पलीकडच्या बाकावर गेला.