मागचे पॅड घरच्या घरी

२ मार्च, सोमवार
गाडीची मागची चाकं किंचाळतात. गॅरेजवाला म्हणाला, मागचे ब्रेक पॅड संपलेत, गाडी टाकून जा, संध्याकाळी देतो. टाकून जा म्हणे! जुने काढायचे, नवे घालायचे, त्यात काय एवढं? घरीच करणार.

रविवारी लेकीला नव्या नोकरीच्या गावी सोडायचंय. मीच सोडणार, असं जेवताना जाहीर केलं. पाच तासांचा रस्ता. आमची ही मागच्या सीटवर बसल्या बसल्या झोपते, म्हणजे लेक आणि मी दोघंच. लेकीशी नीट बोलायचं बरेच दिवस राहून गेलंय. बरीच वर्षं म्हणा. बोलायचे मुद्दे काढले, बारा झाले. ती जाणार याचं मला तसं काही वाटत नाही. मुलं जातातच.

४ मार्च, बुधवार
पॅड आणले. दुकानदाराने विचारलं, हँडब्रेक दांड्याचा की बटणाचा? बटणाचा, म्हटलं. मग म्हणे आधी गाडी मेंटेनन्स मोडला टाका, आतली मोटर मागे गेल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका. माहितेय, म्हटलं. इतर गिऱ्हाइकं ऐकत होती.

ऑफिसात व्हिडिओ पाहिला. साहेब समोरच, म्हणून आवाज बंद. अगदीच सोपं आहे. मध्येच तो माणूस उगाच गाडीत जाऊन बसतो आणि काहीतरी बडबडतो. आळशी दिसतो. तेवढा भाग पुढे ढकलला.

६ मार्च, शुक्रवार
उद्या पहाटे सुरुवात, नाश्त्याला हात धुऊन मोकळा. ही म्हणाली, अहो, गॅरेजला टाका की. म्हटलं, आजवर मी हाती घेतलेलं एक तरी काम अर्धवट राहिलंय का? ती बोटं मोजायला लागली. मी झोपायला आलो.

७ मार्च, शनिवार
उठायला उशीर झाला. पण झोप पूर्ण झाली की हात स्थिर राहतो.

दुपार. चाक निघालं. कॅलिपर निघाला, म्हणजे पॅड आवळून धरणारा लोखंडी पंजा. त्यातला पिस्टन आत ढकलला की नवे जाड पॅड बसतात. ढकलला जात नाहीये. गंजला असणार. हल्लीचं लोखंडच तसलं.

मध्ये लेक येऊन शेजारी उलट्या बादलीवर बसली. टॉर्च धर म्हटलं, तिने धरला. मग म्हणाली, बाबा, मला जरा भीती वाटतेय. म्हटलं, अगं, तो आपला चौथा मुद्दा आहे, उद्या गाडीत निवांत बोलू, आत्ता उजेड हलवू नकोस. बराच वेळ बसली होती. मग टॉर्च बादलीवर नीट टेकवून आत गेली. उजेड बरोबर पडत होता. गुणी आहे पोरगी.

पिस्टन दाबायला क्लॅम्प लावला. क्लॅम्पला पाइप लावला. पाइपवर मी उभा राहिलो. कट्ट असा आवाज आला. बसला बहुतेक.

संध्याकाळ. बसला नाही. हँडब्रेकचं बटण दाबलं की आतून खडे दळल्यासारखा आवाज येतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाल्याला बोलावलं. निव्वळ दुसरं मत म्हणून. तो म्हणाला, मोटरचे दाते गेले, पार्ट मंगळवारी येईल.

ही म्हणाली, तुम्हाला तिला सोडायचंच नाहीये. काहीतरीच! सोडायचं नसतं तर पॅड आणले असते का? तेही भारीतले!

८ मार्च, रविवार
मेहुणा त्याची जुनी गाडी घेऊन आला. म्हणाला, भावजी, आमचा आपला दांडा, ओढला की लागतो, सोडला की सुटतो. कोणी विचारलं होतं?

मागे लेक आणि गादी, पुढे ही. मला जागा नव्हती. तशी गादी वर टपावर बांधता आली असती, पण कोणी म्हणालं नाही, मीही म्हणालो नाही. लेक पाया पडायला वाकली. हात काळे होते, तिचा ड्रेस नवा, म्हणून जवळ घेतलं नाही. गाडी वळली. काही वाटलं नाही. आत आलो, फ्रिजमधलं उभ्याउभ्याच जेवलो. हात तीनदा धुतले. मग तिच्या खोलीतला पंखा चालू राहिला होता, तो बंद केला.

१० मार्च, मंगळवार
गॅरेजवाल्याने मोटर बदलली. पॅड घालायच्या आधी गाडीत जाऊन बसला. पाय ब्रेकवर, बोट बटणावर. मागून घूं असा आवाज आला. म्हणाला, हा मेंटेनन्स मोड, आता पिस्टन बोटानेही जाईल. म्हणजे तो व्हिडिओतला माणूस आळशी नव्हता.

गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. ब्रेक लोण्यासारखे. शेजारच्या सीटकडे बघून पहिला मुद्दा मोठ्याने बोलून पाहिला. दोन वाक्यांत संपला. हे पाच तास कसं पुरवणार होतो, कोण जाणे.

ही कालच परतली. रात्री जेवण झाल्यावर लेकीचा फोन आला. मीच उचलला. म्हटलं, ब्रेक झाले, आता कधीही निघू शकतो. अरे वा, म्हणाली. मग मी म्हटलं, परवा तू म्हणत होतीस, भीती वाटते म्हणून, तर त्यावर माझं म्हणणं असं की. ती म्हणाली, ते होय? ते गेलं बाबा, शेजारच्या खोलीतल्या मुलीशी रात्रभर बोलले, आता काही नाही. बरं झालं, म्हटलं.

मी पाचवा मुद्दा आठवायला लागलो. मग ती म्हणाली, आईला दे ना.

दिला.